कोल्हापूर ते निवती: एका दिवसात कयाक अन् स्नॉर्केलिंग बसतंय का?

रंकाळाकाठ
मंडळी, जानेवारीत आठ जणांचा बेत ठरतोय. सिंधुदुर्गातल्या भोगवे ते निवती या खडकाळ किनाऱ्यानं गाईडसोबत कयाक (वल्ह्याची छोटी होडी) चालवायची आणि मधे थांबून स्नॉर्केलिंग (मास्क अन् नळी लावून, तोंड पाण्यात घालून खालचं बघणं). आठातल्या पाच जणांना पोहता येतं (नदीतलं आणि विहिरीतलं), तिघांना नाही. माझा हिशोब: पहाटे ४ला कोल्हापूर सोडायचं, ९ला किनाऱ्यावर, १०ला पाण्यात, १ला जेवण, रात्री ९च्या आत घरी. मुक्कामाचे पैसे वाचतात.

प्रश्न तीन. हे एका दिवसात बसतं का? गाईडला आधी काय काय विचारायचं? आणि न पोहणाऱ्या तिघांना न्यायचं का?

मासे कुठं चांगले मिळतात यावर गाडी घसरणार हे माहीत आहे. शक्यतो शेवटी घसरवा.

दोन_रस्से
सुरमई की पापलेट? बाकी वाचतोय.

मालवणकार
दहाक पाण्यात? तेव्हा शाणी माणसां भायर येतत.

सरळ भाषेत सांगतो. जानेवारीत पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, शाळेत शिकलो तो मतलई. तो मंद असतो आणि किनाऱ्यालगत पाणी ताटासारखं सपाट ठेवतो. ऊन चढलं, जमीन तापली की तो पडतो, मधे थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं आणि साधारण ११च्या पुढं खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून. दुपारी २-३ला तो भरात असतो. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, त्यामुळं हा वारा लाटा थेट खडकावर आणून टाकतो. खडकावर आपटलेली लाट परत फिरते, येणाऱ्या लाटेला भिडते आणि मधल्या पट्ट्यात पाणी उकळत्या पातेल्यासारखं वरखाली होतं. नवख्याची कयाक तिथंच उलटते. किनाऱ्यापासून फार लांब गेल्यामुळं नव्हे, खडकाच्या फार जवळ राहिल्यामुळं.

म्हणजे तुमच्याकडं सूर्योदयापासून १०-१०.३०पर्यंतचाच वेळ आहे. ९ला गाडीतून उतरून तो मिळत नाही.

गंगावेशीतला
हे जरा जास्तच घाबरवणं झालं. डिसेंबर-जानेवारीत कित्येक दिवस दुपारी १२पर्यंत समुद्र शांत असतो. चार तास आधी निघाले तर जमेल की.

मालवणकार
कित्येक दिवस असतो, रोज नाही. आठ जण, त्यात तिघे न पोहणारे, आणि वल्ह्याला हात कुणीच लावलेला नाही. अशांचा बेत चांगल्या दिवसाच्या भरवशावर आखत नाहीत. वारा १० नॉटच्या आत, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर, तोवर ठीक. लाटांच्या डोक्यावर जागोजागी पांढरा फेस दिसायला लागला की वारा ११ ते १६ नॉटमध्ये आलाय असं धरा. नवख्यांनी फेस दिसायच्या आधी वाळूवर पाय ठेवलेले असावेत.

आदल्या दिवशी इन्कॉईसचा (केंद्र सरकारची समुद्राची माहिती देणारी संस्था) समुद्रस्थितीचा अंदाज बघा. वाऱ्याच्या ॲपवर फक्त वारा बघून थांबू नका, लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद बघा. एक मीटरची लाट ५ सेकंदांनी येत असेल तर नुसती धुसफूस असते. तीच लाट १३-१४ सेकंदांनी येत असेल तर ती लांबून जोर घेऊन आलेली असते. मोकळ्या पाण्यात जाणवतही नाही, पण उथळ खडकावर दुप्पट उठते.

पाऊणपट
वाऱ्याबद्दल बोलून झालं, भरतीबद्दल कुणीच नाही. तारीख ठरवायच्या आधी कालनिर्णय काढा.

जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ची पाऊणपट ३, म्हणजे भरती ३च्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला ६. द्वादशीला ९. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडं भरती तासभर आधी येते, तेवढा वजा करा. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायची, पण सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी बोटावर मोजायला हे पुरतं.

आता तुमच्या कामाचं. स्नॉर्केलिंगला सगळ्यात चांगला वेळ म्हणजे भरती पूर्ण भरत आली आणि पाणी थबकलं तो. बाहेरचं स्वच्छ पाणी तेव्हा आत आलेलं असतं आणि ओढ जवळजवळ नसते. भोगव्याच्या बाबतीत हे दुप्पट लागू, कारण लगेच उत्तरेला कर्ली नदीचं मुख आहे. ओहोटी लागली की खाडीचा गाळ बाहेर पडतो आणि पाणी चहासारखं होतं. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात तर जास्तच.

भरती सकाळी ८ ते ९मध्ये हवी असेल तर द्वादशी-त्रयोदशी. अजून एक गोष्ट: पौर्णिमा-अमावास्येला उधाण (सगळ्यात मोठी भरती-ओहोटी), अष्टमीच्या आसपास भांग (सगळ्यात लहान). मालवणला उधाणाला पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपास असते, मुंबईसारखी चार-पाच मीटर नाही, पण खडकांच्या फटीत तेवढीही पुरते. द्वादशीला उधाण अजून पुरतं चढलेलं नसतं. एकादशीही चालेल, भरती सव्वासातच्या सुमारास.

दोन_रस्से
एकादशीला मालवणात जाऊन साबुदाणा खायचा? पाऊणपटकाका, हा कुठला न्याय?

वल्हं_डावं
कयाकबद्दल. दोन जाती असतात आणि बुकिंग करताना कुणी सांगत नाही.

एक, वर बसायची. प्लास्टिकची रुंद, बंद पोटाची, बसायच्या जागी आरपार भोकं. लाट आत आली तर भोकांतून निघून जाते. उलटली तरी बुडत नाही, सुलटी करून परत चढता येतं. नवख्यांना आणि स्नॉर्केलिंगला हीच. दुसरी, आत बसायची. पाच मीटरच्या आसपास लांब, अरुंद, कमरेला घट्ट आवरण. लांबच्या पल्ल्याला उत्तम, पण उलटल्यावर बाहेर निघायचा सराव लागतो आणि मास्क घालून त्यातून उतरणं-चढणं म्हणजे सर्कस. गाईड ती चालवत असेल तर ठीक, तुम्हाला देत असेल तर नको म्हणा.

पाण्यात ढकलण्याआधी मागच्या टोकाला, कधी कधी नाळेजवळ (पुढच्या टोकाला), एक बारका प्लास्टिकचा आटा शोधा. तो पोटातलं पाणी काढायचा प्लग. रात्री पाणी काढायला उघडतात आणि सकाळच्या घाईत लावायचं राहतं. बोट लगेच बुडत नाही, हीच गोची. तासाभरात पोटात हळूहळू पाणी चढतं, कयाक जड होते, वळताना उशिरा वळते आणि आतलं पाणी एका बाजूला धावलं की काही कारण नसताना कलंडते. बसणाऱ्याला वाटतं आपलाच तोल जातोय. हाताने आवळून बघा, वॉशर आहे का तेही बघा. सगळी तपासणी दहा सेकंदांची.

वल्ह्याचं: वर बसायच्या रुंद कयाकला २३०-२४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. पात्याची आतून वळलेली बाजू आपल्याकडं, पाण्याला मागं रेटणारी. निम्मे लोक उलटं धरतात आणि अर्ध्या तासात खांदे धरले म्हणून ओरडतात. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात जातं आणि कमरेजवळ बाहेर येतं. ओढ हातानं नाही, पोटाच्या पिळानं. पाय टेकायच्या पायरीवर टाच रेटली की पीळ आपोआप येतो.

तालीमवाला
आमची दोन पोरं, एक ९८ किलो आणि एक ९४. एका कयाकमध्ये बसतील का?

वल्हं_डावं
बसतील, पण बोट चालणार नाही. दोघांच्या प्लास्टिकच्या कयाकवर वजनाची मर्यादा छापलेली असते, बहुतेक २०० ते २५० किलोच्या मधे. ती तरंगायची मर्यादा, नीट चालायची नव्हे. मर्यादेच्या जवळ गेलात की भोकांतून पाणी खाली जायच्या ऐवजी वर येतं आणि बसल्या जागी हौद तयार होतो. प्रत्येकाला एक हलका जोडीदार द्या. जड माणूस मागं, हलका पुढं. पुढचा ताल धरतो, मागचा दिशा सांभाळतो. उलटं बसवलं तर नाळ पाण्यात घुसते आणि बोट दारू पिल्यासारखी डावी-उजवीकडं फिरते.

शाहूपुरी३री
न पोहणाऱ्या तिघांबद्दल स्पष्ट बोलते. कयाकमध्ये येऊ द्या, स्नॉर्केलिंगला खडकाळ जागी नको. जॅकेट तरंगवतं, हे खरं. पण मास्कमध्ये चार थेंब पाणी गेलं की न पोहणारा माणूस पाय खाली टाकून उभा राहायला बघतो. खाली असते कालवांची (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांची) धार किंवा जिवंत पोवळं. पाय कापतो आणि पोवळं मोडतं, दोन्ही एकदम. त्या तिघांना आधी वाळूच्या उथळ जागेत, कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून तोंड खाली धरायला शिकवा. पंधरा मिनिटं घाबरगुंडी न होता श्वास घेता आला तर पुढचं गाईडला ठरवू द्या.

विहिरीत पोहणाऱ्या पाच जणांनीही मिशीला पीळ देऊ नये. विहिरीत काठ चारी बाजूंनी असतो.

गंगावेशीतला
ताई, पंचगंगेच्या पुरात सूर मारणारी माणसं आहेत आमची.

शाहूपुरी३री
म्हणूनच जास्त काळजी. पुरात पोहणाऱ्याला प्रवाहाबरोबर कसं वाहायचं हे कळतं. इथं पाणी सहा सेकंद खडकाकडं नेतं आणि सहा सेकंद मागं ओढतं. खडक धरून वर चढायचा मोह होतो, आणि पुढची लाट चढत्या माणसाला त्याच कालवांवरून खाली खरवडत आणते. नियम सोपा: लाटेच्या पट्ट्यात खडकाला हात लावायचा नाही. ढकलली गेलात तर पाय पुढं, गुडघे वाकवून, आणि पहिली संधी मिळताच बाहेरच्या मोकळ्या पाण्याकडं.

काचेमागून
मिशीचा विषय निघालाच आहे तर मास्कबद्दल.

पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत ओढा, हात सोडा. मास्क जागेवर राहिला तर तो तुमचा. पडला तर पट्टा कितीही आवळा, गळणारच. पट्टा आवळणं हा उपाय नव्हे, जास्त आवळल्यानं कड दुमडते आणि उलट जास्त गळतं. केसाची एक बट आत अडकली तरी पाणी येतं.

कोल्हापुरी भरघोस मिशी असेल तर पाणी तिथूनच येणार. नाकाखाली लगेच तीन-चार मिलिमीटरची पट्टी साफ केली की सिलिकॉनची कड कातडीला चिकटते. बाकी मिशी शाबूत राहते.

तालीमवाला
मिशीला वस्तरा? पोरं येणारच नाहीत.

काचेमागून
मग व्हॅसलीनचा थर द्या आणि थोडं पाणी आत येणार हे धरून चला. पाणी काढायचं तंत्र सगळ्यांनीच शिकायचं: मान किंचित वर, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकानं जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. डोकं बाहेर काढायची गरज नाही. नळीत पाणी गेलं तर जीभ दातामागं लावून 'टू' असा एकच तडाखा फुंकायचा. त्यानंतरचा पहिला श्वास हळू घ्यायचा, कारण थेंबभर उरलेलं असतं.

नवा मास्क विकत घेणार असाल तर काचेवर कारखान्यातला तेलकट पापुद्रा असतो, तो गेल्याशिवाय धुकं धरणारच. साधी पांढरी टूथपेस्ट बोटानं आतून घासा, धुवा, दोन-तीनदा. भाड्याच्या मास्कला लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब, आत फिरवून एकदाच खंगाळायचं. हे दोन्ही जमत नसेल तर थुंकी. हसू नका, जगभर तेच करतात.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क नको. स्वस्त नकलांमध्ये सोडलेला श्वास नीट बाहेर जात नाही, तोच परत आत जातो, डोकं जड होतं. आणि घाईच्या वेळी काढायला वेळ लागतो. चष्मा असलेल्यांनी नंबरच्या काचेचा मास्क आहे का हे गाईडला आधीच विचारा. लहान नंबर असेल तर काहीच लागत नाही, पाण्याखाली वस्तू तशाही साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात. म्हणून 'चार फुटी गोबरा पाहिला' असं कुणी म्हणालं तर तीन फूट धरा.

दोन_रस्से
गोबरा. रस्सा की तळलेला?

मालवणकार
बघायचा. खायचा नंतर, आणि हा नव्हे.

गाईडला विचारायचे प्रश्न, रंकाळाकाठ यांच्यासाठी. आठ जणांना गाईड किती? चार दोघांच्या कयाकला निदान दोन हवेत: एक पाण्यात लोकांबरोबर, एक कयाकमध्ये बसून. सगळे पाण्यात उतरले आणि कयाका एकमेकींना बांधून सोडल्या असं चालत नाही, मतलई त्यांना बघता बघता बाहेर नेतो. सपाट पाणी बघून कुणाला शंका येत नाही, पण मागं वळून बघावं तर कयाक दीडशे मीटरवर.

ओढायची दोरी आहे का? १० ते १५ मीटर, गाईडच्या कमरेला, झटक्यात सुटणाऱ्या बकलची. जास्तीचं एक वल्हं? प्रत्येक जॅकेटला शिट्टी? प्रथमोपचार आणि छातीवर दाब द्यायचं प्रशिक्षण? नांगर टाकतो की नाही, आणि टाकतो तर कुठं? वाळूवर ठीक, पोवळ्यावर टाकत असेल तर दुसरा बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: 'कुठल्या परिस्थितीत तुम्ही फेरी रद्द करता?' याला आकड्यात उत्तर देणारा माणूस निवडा. 'काय होत नाय, या तुम्ही' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं जा.

जॅकेट घातल्यावर हात वर करा आणि कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या वर खेचायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते पाण्यात कानाशी येणार. पट्टे आवळा नाहीतर लहान माप घ्या.

शाहूपुरी३री
याला एक जोड. बऱ्याच पॅकेजमध्ये 'स्नॉर्केलिंग' म्हणजे बोटीला लोंबणारी दोरी धरायची, तोंड पाण्यात घालायचं आणि वरून कुणीतरी ब्रेडचा चुरा टाकतो. मग काळे पट्टे असलेले मासे हातावर येतात, फोटो होतो, पाच मिनिटांत पुढचा. गाईडला ब्रेड आणू नका सांगा. खाऊ घातलं की धीट मासेच तेवढे गोळा होतात आणि बाकीचे त्या जागेवरून हुसकले जातात. आणि पोवळं हा दगड नाही, प्राणी आहे. दगडासारखी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे तीच. तुटलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं आहे, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच येतात; तुम्ही जाणार ती जागा त्याच्या बाहेर असली तरी हा कायदा सगळीकडं लागू.

वैद्यबाई
थोडं वैद्यकीय.

दमा, फिट, हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली कानाची तक्रार: आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. उलटीची सवय असेल तर गोळी पाण्यात उतरण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. लाटेवर तोंड खाली करून तरंगताना बोटीपेक्षा जास्त मळमळतं, हे लोकांना माहीत नसतं. नाश्ता हलका, दोन तास आधी. केळी, उपमा. मिसळ नको. कटाची तर्री नळीतून परत येताना बघायची कुणाचीच इच्छा नसते.

अर्चिनचा (खडकातला काटेरी गोळ्यासारखा प्राणी) काटा किंवा पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) डंख: सोसवेल एवढं गरम पाणी, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास. चटका बसणार नाही हे न दुखणाऱ्या हातानं आधी तपासा. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन जा, उरलं तर चहाला होतं. पाकटाचा डंख पोटात किंवा छातीत असेल, किंवा काटा आत राहिला असेल तर ओढू नका, थेट दवाखाना. जेलीफिशला समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नाही, गोड्या पाण्यानं उरलेल्या पेशी फुटून जास्त विष सुटतं. वाळूनं घासू नका. चिकटलेले धागे चिमट्यानं. आणि ते दुसरं जे सगळे सुचवतात ते अजिबात नको.

श्वास रोखून खाली बुडी मारणाऱ्यांनी आधी दहा-वीस भराभर मोठे श्वास घेऊ नयेत. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि 'वर चल' अशी शरीराची हाक तोच देतो. हाक न येता शुद्ध जाते. तालमीतल्या पोरांना हे दोनदा सांगा, पैज लावायचा रोग त्यांनाच असतो.

गंगावेशीतला
तिथं स्कूबाही असतं ना? एकाच फेरीत उरकून घेतलं तर?

वैद्यबाई
घाटामुळं अडचण. स्कूबात पाण्याखाली टाकीतली, दाबाखालची हवा घेतल्यानं नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि नंतर हळूहळू बाहेर पडतो. समुद्रसपाटीवरून लगेच उंचीवर गेलात तर तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, आंबोली आणि गगनबावडा त्याहून उंच. विमानासाठी एका डाईव्हनंतर निदान १२ तास थांबा म्हणतात, घाटालाही तोच नियम लावलेला बरा. उथळ, पंधरा मिनिटांच्या डाईव्हला धोका कमी आहे, पण सांधे दुखायला लागल्यावर घाटात काय करणार? स्नॉर्केलिंगला ही भानगड नाही. लगेच घाट चढलात तरी चालतं.

वल्हं_डावं
उलटल्यावर परत कसं चढायचं ते राहिलं. किनाऱ्याजवळ निघण्याआधी एकदा मुद्दाम उलटून करून बघा, प्रत्येक जोडीनं.

वल्हं सोडायचं नाही, एका हातात. उलट्या कयाकच्या मध्यावर जा, पलीकडची कड धरा, गुडघा अलीकडच्या कडेला टेकवा आणि मागं झुकून ओढा. सुलटी झाली की एक जण पलीकडून तोल धरतो, दुसरा चढतो. चढताना पाय मागं पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे, बेडकासारखी लाथ मारायची आणि पोट बोटीवर आडवं. मग वळून बूड सीटवर. मग पाय आत. पोट, बूड, पाय. पाय खाली लोंबत ठेवून नुसत्या दंडाच्या जोरावर वर यायला जाल तर बोट तुमच्यावर येणार, ९८ किलोवाल्याच्या दंडाचाही तिथं उपयोग नाही.

खडकांमधल्या फटीतून जायचं असेल तर बाहेर थांबून आधी बघायचं. पाच मिनिटं पुरत नाहीत, दहा-पंधरा. शांत दिसणाऱ्या जागी अधूनमधून मोठ्या लाटांची माळ येते आणि पाण्याखालचा खडक तेव्हाच उघडा पडतो. बाकी वेळ खडकापासून निदान दोन-तीन कयाक लांबीचं अंतर. लाट आडवी आली तर तिच्याकडं झुकायचं. मन सांगतं तिच्यापासून लांब झुक, आणि त्याचं ऐकलं की उलटलात.

पाऊणपट
गंगावेशीतला यांच्या बाजूनं एक शब्द. मुक्काम जमणारच नसेल तर खडक आणि स्नॉर्केलिंग सोडा, कर्ली खाडीत कयाक करा. दुपारच्या वाऱ्यालाही आत आडोसा मिळतो, खारफुटी आहे, पक्षी आहेत. भरतीबरोबर वर जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं, निम्मी मेहनत पाणी करतं. फक्त मुखाकडं जायचं नाही. ओहोटीचं बाहेर धावणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला संगमावर भिडतं आणि तिथं उभ्या लाटा होतात.

गंगावेशीतला
हे पटलं. म्हणजे एका दिवसात होतं, पण वेगळं होतं.

रंकाळाकाठ
सगळं वाचलं, दोनदा. बेत बदलला. द्वादशीचा शनिवार धरतोय. शुक्रवारी दुपारी ३ला निघायचं, राधानगरी-फोंडा घाटानं कणकवली, कुडाळ, परुळे, मुक्काम भोगव्यात. शनिवारी ६.४५ला किनाऱ्यावर, ७ला उलटून चढायचा सराव, आठच्या भरतीला खडकांजवळ, १०ला परत वाळूवर. न पोहणारे तिघे कयाकमध्येच, मास्क उथळात. शनिवारी संध्याकाळच्या आत घाट चढून वर.

राहिलेलं: प्रत्येकी दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचे टीशर्ट (उन्हाचं मलम कमी लागतं), पट्ट्याच्या चपला, मोबाईल पाणीबंद पिशवीत. अजून काही?

मालवणकार
१५५४ तटरक्षक दल, १०९३ सागरी पोलीस. दोन्ही नंबर आठही फोनमध्ये, आणि निघताना किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परत यायची वेळ सांगून जा.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जाळ्याच्या दोन्ही दोरांच्या मधून कयाक घालू नका, लांबून वळसा घ्या. ते अर्ध्या गावाचं पोट असतं, आणि शिव्या मालवणीत पडतात. समुद्रात तरंगणारे बोये दिसले तरी तेच, खाली जाळं असतं. चपला मागं पट्टा असलेल्याच, कोल्हापुरी नव्हे.

खडकाच्या दक्षिणेच्या कुशीत स्नॉर्केलिंग करा, वायव्येचा वारा लवकर उठला तर तिथं आडोसा मिळतो. पाणी २६ ते २८ अंश असतं, तरी २५-३० मिनिटांनी बाहेर काढा सगळ्यांना. ओठ निळे झालेला माणूस कधीच 'थंडी वाजते' म्हणत नाही.

तालीमवाला
फोंडा की आंबोली? गाडीत दोघं जड आहेत.

शाहूपुरी३री
निवतीला दोन्हीकडून अंतरात फार फरक नाही. आदल्या दिवशी घाट चालू आहे का याची चौकशी करा, करूळ घाटाचा अनुभव सगळ्यांना आहे. फोंडा उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

दोन_रस्से
द्वादशीचा शनिवार. म्हणजे एकादशीचा उपवास सुरमईनं सोडायचा, तोही शनिवारी. आमच्या आईला हा धागा दाखवू नका.

पाऊणपट
शुक्रवारी रात्री १२च्या आत जेवून घ्या.

वैद्यबाई
शुक्रवारी एकादशी आहे. आणि रात्री १२ला सुरमई खाऊन सकाळी ७ला लाटेवर तोंड खाली? माझा गोळीवाला परिच्छेद परत वाचा.

रंकाळाकाठ
गाईडला फोन केला. 'रद्द कधी करता' विचारलं. म्हणाला, '१२ नॉटच्या वर किंवा लाट सव्वा मीटरच्या वर गेली तर नाय जात.' प्लगचं विचारल्यावर हसला, म्हणाला तुम्हाला कुणी सांगितलं हे. ठरवला.

आता फक्त मिशीचा प्रश्न आहे. दोघांनी व्हॅसलीन निवडलंय, एक जण अजून विचार करतोय.